दिवे आधी, गाडी नंतर

मेळा लागला की ग्वाल्हेरची तरुण मंडळी संध्याकाळी ऑटोमोबाइल सेक्टरमध्ये हमखास सापडतात, आणि हातात फोन नाही असा एकही जण नसतो. फोटो धडाधड निघतात. घरी येऊन पाहावं तर लाल गाडी केशरी झालेली, काळ्या बोनेटवर ट्यूबलाइटच्या पांढऱ्या रेघा, दारावर फोटो काढणाऱ्याचंच प्रतिबिंब आणि कडेला कुणाचं तरी अर्धं कोपर. समोर उभी असताना गाडी इतकी देखणी होती, मग फोटोत अशी का आली? बहुतेक जण कॅमेऱ्याला दोष देतात. माझ्या मते दोष कॅमेऱ्याचा क्वचितच असतो. छताखाली, दिव्यांच्या गर्दीत उभ्या असलेल्या गाडीचा फोटो काढणं हे रस्त्यावरच्या गाडीचा फोटो काढण्याहून निराळं काम आहे. ते शिकता येतं, आणि शिकायला ग्वाल्हेर ही फार चांगली जागा आहे.

चांगली जागा म्हणण्याला कारणं आहेत. माधवराव महाराज शिंद्यांनी १९०५ साली सुरू केलेला आपला व्यापार मेळा गुरांच्या बाजारापासून वाढत गेला. आज त्यातलं मोटारींचं प्रदर्शन हे आजूबाजूच्या जिल्ह्यांतल्या माणसांसाठी मोठं आकर्षण आहे. राज्य सरकार सवलत जाहीर करतं त्या वर्षी मेळ्यात घेतलेल्या गाडीच्या रोड टॅक्समध्ये ५० टक्के सूट मिळते, त्यामुळे कंपन्या आपल्या गाड्या झाडूनपुसून, दिव्यांखाली सजवून मांडतात. तिकीट काढून दिल्लीला न जाता, आठवडेच्या आठवडे रोज सरावाला इतक्या गाड्या मिळणं ही चैन आहे. मग हात बसला की दिल्ली रेल्वेने काही तासांवर आहेच. पहिला ऑटो एक्स्पो १९८६ साली प्रगती मैदानात भरला होता. २०१४ पासून मोटारींचं प्रदर्शन ग्रेटर नोएडाला गेलं, आणि जानेवारी २०२५ मध्ये भारत मोबिलिटी या मोठ्या प्रदर्शनाच्या निमित्ताने ते पुन्हा प्रगती मैदानातल्या भारत मंडपममध्ये भरलं. शर्यतीच्या गाड्या जवळून पाहायला मिळतात त्या अशा मोठ्या प्रदर्शनांत.

आता मूळ मुद्दा. गाडीचा रंगवलेला पत्रा हा आरसा आहे. वरच्या पारदर्शक क्लिअर कोटमुळे तो आजूबाजूचं सगळं दाखवतो: छतावरच्या एलईडी पट्ट्या, समोरच्या स्टॉलचा पिवळा फ्लेक्स, तुमचा पांढरा शर्ट. उघड्यावर या आरशात आकाश दिसतं, आणि आकाश एकसंध असतं, म्हणून गाडीचा आकार आपोआप उठून येतो. मांडवात आकाशाच्या जागी शंभर लहानमोठे दिवे असतात. तेव्हा तुम्ही फोटो गाडीचा काढत असलात, तरी कॅमेऱ्यात जाणार आहे ते गाडीवर पडलेलं दिव्यांचं चित्र. ते चित्र नीट नसेल तर महागडी लेन्सही काही करू शकत नाही.

म्हणून कॅमेरा पिशवीतच ठेवा आणि गाडीभोवती एक सावकाश चक्कर मारा. नजर गाडीवर न ठेवता तिच्यावरच्या प्रतिबिंबांवर ठेवा. एक पाऊल डावीकडे सरकलं की बोनेटवरची पांढरी रेघ सरकते, गुडघे वाकवले की ती छपराकडे चढते. कुठेतरी अशी जागा सापडते की दिव्याची लांब पट्टी मडगार्डापासून मागच्या दारापर्यंत गाडीच्या कडेने सलग धावते आणि तिच्यामुळे पत्र्याचा बाक दिसू लागतो. फोटो तिथून काढायचा. तुकड्यातुकड्यांत पडलेले ठिपके गाडीचा आकार मोडतात, सलग रेघ तो घडवते. इतकी एक गोष्ट डोळ्यांना लागली की अर्धं काम झालं. कपडेही काळे किंवा गडद घालून जा, म्हणजे दारावर तुमचं भूत उमटणार नाही. मेळ्यात थंडी असतेच, गडद स्वेटर घालायला निमित्त आहे.

फ्लॅश बंद ठेवा. समोरून फ्लॅश मारला की पत्र्यावर एक फटफटीत डाग पडतो, मागचा मांडव काळोखात जातो, आणि नंबरप्लेट व रिफ्लेक्टर आंधळे करण्याइतके चमकतात. इतक्या मेहनतीने केलेल्या प्रकाशयोजनेवर पाणी ओतण्यात अर्थ नाही.

यानंतरचा त्रास लुकलुकण्याचा. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त एलईडी आणि जुन्या ट्यूब सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. डोळ्याला ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. शटर १/२०० किंवा १/५०० सेकंदावर असेल तर एक फोटो उजळ, दुसरा काळपट, आणि तिसऱ्यावर आडवे पट्टे येतात. उपाय सोपा आहे: शटर १/१०० किंवा १/५० वर ठेवा, म्हणजे प्रत्येक फोटोत लुकलुकण्याची पूर्ण आवर्तनं सामावतात. मिररलेस कॅमेरा असेल तर आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर इथे वापरू नका, ते चित्र ओळीओळीने वाचतं आणि पट्टे आणू शकतं. मेकॅनिकल शटर लावा, अँटी-फ्लिकरची सोय असेल तर चालू करा. फोनमध्ये प्रो मोड असेल तर तोच १/१०० चा आकडा हाताने द्या. गाडीमागे मोठी एलईडी स्क्रीन असेल तर तिचा वेग वेगळा असतो. तिथे १/५० किंवा त्याहून संथ शटर लावून दोन-तीन फोटो काढून पाहावेत, स्क्रीनवर चाललेली जाहिरात थांबल्यासारखी दिसते तो क्षण पकडावा.

रंगाचं दुखणं याहून चिवट. एकाच गाडीवर वरून पांढरे एलईडी, कडेने पिवळे हॅलोजन आणि दुपारी मांडवाच्या फटीतून निळसर उजेड, असे तीन रंग एकदम पडलेले असतात. ऑटो व्हाइट बॅलन्स प्रत्येक फोटोला वेगळा अंदाज बांधतो आणि एकाच गाडीचे चार फोटो चार रंगांचे होतात. स्टेशनरीच्या दुकानात मिळणारा राखाडी कार्ड-पेपर खिशात ठेवा. गाडीच्या जवळ, गाडीवर पडणाऱ्याच उजेडात तो धरून एक फोटो घ्या आणि त्यावरून कस्टम व्हाइट बॅलन्स ठरवा. दुसऱ्या स्टॉलवर गेलात की पुन्हा. फोटो रॉ स्वरूपात काढत असाल तर हाच फोटो घरी उपयोगी पडतो. सगळे रंग शुद्ध करण्याच्या नादाला मात्र लागू नका. गाडीवर पडणारा मुख्य प्रकाश बरोबर धरा, कडेचा पिवळा राहिला तर राहू द्या. मेळ्याचा उजेड मेळ्यासारखाच दिसला पाहिजे.

एक्स्पोजरमध्ये गाडीच्या रंगानुसार कॅमेऱ्याला सांगावं लागतं. पांढरी गाडी फ्रेमभर असली की कॅमेरा तिला राखाडी करतो, म्हणून तिला पाऊण ते एक स्टॉप वाढवून द्या. काळी गाडी कॅमेरा फिक्कट करतो, तिला तितकंच कमी करा. लाल गाडीचं प्रकरण अधिक नाजूक. फोटो नीट दिसतो, साधा हिस्टोग्रामही नीट दिसतो, पण लाल चॅनल एकटाच फुटलेला असतो आणि मग दाराचा उठाव, कडा, सगळं एका सपाट लाल थरात बुडून जातं. तिन्ही रंगांचे हिस्टोग्राम वेगळे दाखवायची सोय कॅमेऱ्यात असते, ती लाल गाडीसमोर जरूर पाहा आणि लाल रेघ उजव्या भिंतीला चिकटली असेल तर एक्स्पोजर खाली आणा. फोनवर बोटाने गाडी दाबून धरा, फोकस आणि एक्स्पोजर लॉक होईल, मग सूर्याचं चिन्ह खाली ओढा. काळोख नंतर उजळता येतो, पांढरा झालेला पत्रा परत येत नाही.

अंतराबद्दल मी जरा आग्रहाने लिहिणार आहे, कारण सर्वांत जास्त फोटो इथे बिघडतात. मांडवात जागा कमी, म्हणून लोक फोनची ०.५ वाली वाइड लेन्स लावतात आणि गाडीला चिकटून उभे राहतात. जवळचं चाक परातीएवढं होतं, मागचं दार आक्रसतं, आणि डिझायनरने वर्षानुवर्षं घासून काढलेली प्रमाणं एका क्षणात मोडतात. मागे सरका. समोरच्या स्टॉलच्या कडेपर्यंत सरका, तिथल्या माणसाला विचारून दोन पावलं आत उभे राहा. फोनवर २ किंवा ३ पट झूम, फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर ५० ते ८५ मिलिमीटर, म्हणजे गाडी जशी आहे तशी दिसते. आता एक हिशेब ध्यानात ठेवा. फुल-फ्रेमवर ५० मिलिमीटर लेन्स, एफ ८, आणि ४ मीटरवरच्या हेडलाइटवर फोकस, असं धरलं तर साधारण ३ मीटरपासून साडेसहा मीटरपर्यंत सगळं स्पष्ट येतं. तिरकी उभी असलेली बहुतेक गाडी त्यात बसते. चांगल्या उजेडाच्या मांडवात १/५० शटरला यासाठी आयएसओ १६०० च्या आसपास लागतो, आणि आजच्या कॅमेऱ्यांना तो जड नाही. त्याहून मंद उजेड असेल तर आयएसओ ३२०० करा, पण शटर आणि एफ ८ सोडू नका. थोडी रवाळ पण पूर्ण स्पष्ट गाडी ही गुळगुळीत पण नाक धूसर असलेल्या गाडीपेक्षा केव्हाही बरी.

उंची हेडलाइटची धरा. उभ्याने काढलेल्या फोटोत छप्पर आणि बोनेट मोठं दिसतं, गाडी जमिनीला चेपल्यासारखी वाटते. बसून काढलं की तिला खांदे येतात. बसल्यावर गाडीच्या छपरातून मांडवाचा खांब उगवत नाही ना, आणि आरशाला किमतीची पाटी लोंबत नाही ना, हे पाहून घ्या.

पोलरायझर फिल्टर असेल तर त्याचा उपयोग काचांसाठी. काचेच्या पृष्ठभागाशी साधारण ३० ते ४० अंशांच्या तिरक्या कोनातून पाहिलं आणि फिल्टर फिरवला की पुढच्या काचेवरची चकाकी पुसली जाते आणि आतलं स्टीअरिंग, डॅशबोर्ड दिसू लागतं. समोरून सरळ पाहिलं तर फिल्टर काहीच करत नाही. तो दीड-दोन स्टॉप उजेड खातो, शिवाय दारांच्या टफन्ड काचांवर आणि मागच्या काचेवर निळे-जांभळे डाग उठवतो, तेव्हा एक फोटो त्याच्यासह आणि एक त्याच्याशिवाय घ्यावा. पत्र्यावरची ती सलग रेघ, जिच्यासाठी आपण जागा शोधली, तीही फिल्टरने पुसली जाऊ शकते. बोनेटवर तो जपून फिरवा.

गर्दीवर उपाय वेळेचा. रविवारी संध्याकाळी फक्त फिरायला जा. फोटोसाठी कामाच्या दिवशी दुपारी, स्टॉल उघडून गाड्या नुकत्या पुसल्या जात असताना जा. बोटांचे ठसे आणि ग्वाल्हेरची धूळ तेव्हा पत्र्यावर नसते. खिशात एक मऊ मायक्रोफायबर फडकं ठेवा, पण गाडीला स्वतः हात लावू नका, फडकं स्टॉलवरच्या मुलाला द्या. त्याच्याशी दोन शब्द आधी बोलावेत. “भैया, पार्किंग लाइट चालू कराल का?” एवढं नीट विचारलं तर बहुतेक वेळा तो आनंदाने करतो. आणखी एक विनंती करा: स्टीअरिंग तुमच्या उलट दिशेला थोडं वळवायची. तुम्ही गाडीच्या पुढच्या डाव्या कोपऱ्यात असाल तर चाकं उजवीकडे वळवली की अलॉयचा चेहरा तुमच्याकडे येतो, नाहीतर फोटोत टायरची काळी नक्षी तेवढी दिसते. ट्रायपॉड गर्दीत उघडू नका, लोक अडखळतात. कॅमेरा रेलिंगवर किंवा पिशवीवर टेकवून १ ते २ सेकंदांचं शटर दिलं, तर चालणारी माणसं धूसर होऊन विरतात आणि उभी गाडी ठळक राहते. जानेवारीच्या धुक्यातून गरम मांडवात शिरलात तर लेन्सवर वाफ धरते. कॅमेरा दहा-पंधरा मिनिटं बंद पिशवीत राहू द्या. आणि लेन्स बदलायची तर मेळ्याच्या मैदानात नको, धूळ सेन्सरवर जाऊन बसते.

आता शर्यतीच्या गाड्या. त्यांच्यावर आपल्या शहराचा हक्क थोडा जास्त आहे. भारतातल्या मोटर रेसिंगशी ज्यांचं नाव वर्षानुवर्षं जोडलेलं आहे त्या जेके टायरचा कारखाना आपल्या शेजारी बानमोरला आहे. त्याहून जुना धागा १९०८ चा. त्या वर्षी मुंबई ते कोल्हापूर अशी मोटारींची कस पाहणारी शर्यत झाली. घाट चढत-उतरत एक रोल्स-रॉइस सिल्व्हर घोस्ट त्यात अव्वल ठरली. ‘पर्ल ऑफ द ईस्ट’ या नावाने ती ओळखली जाते, आणि ती विकत घेतली ग्वाल्हेरच्या महाराजांनी. मोटारी शर्यतीत पारखायच्या आणि मग घरी आणायच्या, ही हौस इथली जुनी आहे.

शर्यतीची गाडी प्रदर्शनात उभी असते तेव्हा तिच्यावर शोरूमचे नियम चालत नाहीत. ती बुटकी असते. फॉर्म्युला एलजीबी ४ सारखी एकआसनी गाडी घ्या: तिच्यासाठी गुडघ्यावर बसणंही उंच पडतं, कॅमेरा जमिनीपासून हातभर वर हवा. तिचे टायर मंद काळे, उजेड गिळणारे. त्यांच्यासाठी एक्स्पोजर वाढवलं तर स्टिकर पांढरेफटक होतात. तेव्हा स्टिकरसाठी मोजा आणि टायर घरी थोडे उजळा. कार्बन फायबरची वीण विशिष्ट अंतरावरून विचित्र लाटांसारखी उमटते. एक पाऊल पुढे किंवा मागे झालं की ती जाते. पण मला वाटतं, या गाडीचा पूर्ण फोटो एक पुरे. तिची गोष्ट तपशिलांत असते. निळ्या त्रिकोणातली लाल ठिणगी म्हणजे बाहेरून वीज तोडायचं बटण, लाल वर्तुळातलं ‘ई’ म्हणजे आग विझवण्याच्या यंत्राची खूण, पुढे लोंबणारा लाल पट्टा किंवा कडी म्हणजे बंद पडलेली गाडी ओढायची जागा. रोल केजच्या नळ्यांवरचं जळालेलं वेल्डिंग, पाच-सहा टोकांचा सीटबेल्ट, ब्रेकजवळचा उष्णतेने निळा पडलेला धातू, पुढच्या पंखावर खड्यांनी पाडलेले पोचे. गाडी धुऊन आणली असली तरी हे ओरखडे राहतात, आणि ती खरंच पळाली आहे याचा पुरावा तेच असतात. ते पुसणाऱ्याला थांबवता आलं तर थांबवा. अशा तपशिलासाठी ८५ मिलिमीटर किंवा फोनची टेलिफोटो लेन्स, एफ ४, आणि उजेड कडेने येईल अशी जागा. समोरून सपाट उजेड असेल तर ओरखडे दिसत नाहीत.

इंजिनिअरिंगची मुलं बाहा एसएई इंडियासाठी बांधतात त्या उघड्या सांगाड्याच्या गाड्या कॉलेजच्या हॉलमध्ये मांडलेल्या दिसल्या तर त्या चुकवू नका. ही स्पर्धा आपल्याच राज्यात, पीथमपूरला होत आली आहे. तिथे पत्र्याचा आरसा जवळजवळ नसतोच, नळ्या असतात. पार्श्वभूमी साधी निवडा, नाहीतर नळ्या आणि मागच्या खुर्च्या एकमेकांत गुंततात. गाडी बांधणाऱ्यांपैकी एखाद्याला तिच्या शेजारी हात टेकवून उभं करा. वेल्डिंग कुणाचं, सस्पेन्शन कुणाचं, हे विचारत विचारत फोटो काढा. माणूस बोलत असतो तेव्हा चेहरा खरा असतो.

जयविलास राजवाड्याच्या संग्रहालयात बग्ग्या, पालख्या आणि जुनी वाहनं आहेत, मंद उजेडातल्या सरावासाठी ती उत्तम. कॅमेऱ्याचे नियम तिकीट खिडकीवर आधी विचारून घ्यावेत आणि फ्लॅशचा विचारही करू नये, जुनं कापड आणि रंग तीव्र उजेडाने खराब होतात. पितळी दिवे, चाकाचे आरे, चामड्याच्या बैठका यांवर कडेच्या खिडकीचा उजेड किती वेगवेगळा पडतो, ते तासभर बसून पाहिलं तर आधुनिक गाडीवरचा दिवा वाचणं सोपं जातं.

मेळ्यात गाडीपेक्षा मोठा फोटो कधीकधी तिच्याभोवती घडत असतो. चावी हातात पडते, बोनेटवर कुंकवाचं स्वस्तिक निघतं, झेंडूचा हार, नारळ, आजींना पुढच्या सीटवर बसवायची घाई. हे फोटो विचारूनच काढा, आधी नाही तर नंतर तरी, आणि नको म्हणाले तर त्यांच्यासमोर पुसून टाका. लहान मुलांच्या बाबतीत आईवडिलांचा होकार हवाच. स्टॉलवर उभ्या केलेल्या तरुणी तिथे नोकरीवर आहेत. त्यांना गाडीला टेकून उभं राहायला सांगू नका आणि न विचारता जवळून टिपू नका. कुणाच्या गाडीचा कागद किंवा मोबाइल नंबर लिहिलेला फॉर्म फ्रेममध्ये आला असेल तर फोटो पाठवण्याआधी तो भाग कापा.

घरी आल्यावर संस्करण थोडकं. आधी राखाडी कार्डाच्या फोटोवरून व्हाइट बॅलन्स, मग उभ्या रेषा सरळ, मग हायलाइट खाली, सावल्या किंचित वर. गाडीखालचा काळोख पूर्ण उजळू नका, त्याच्यामुळेच गाडी जमिनीवर बसलेली वाटते. रंगाची पट्टी ओढून लाल अधिक लाल करायचा मोह होतो. कंपनीच्या छापील पत्रकातला रंग शेजारी ठेवून तुलना करा, हात आपोआप आवरेल. चाळीस फोटोंतून सहा ठेवा: एक पूर्ण गाडी, एक कडेने, एक आतला, दोन तपशील, एक माणसांसह.

आणि झोपायच्या आधी फोटोंना नावं द्या: गाडीचं मॉडेल, साल, कुठे, कोणत्या तारखेला, शर्यतीची असेल तर कोणत्या गटातली आणि कोणी चालवली. स्टॉलवरच्या पाटीचाही एक फोटो घेतलेला असला की हे पाच मिनिटांचं काम आहे. ज्या कुटुंबाने पूजेचा फोटो काढू दिला, त्यांना तो मोठ्या आकारात, न दाबता, व्हॉट्सअॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे फ्रेम करायच्या लायकीचा राहील.